रिकामा ट्रक आत जातो तेव्हा

हिंगणा एमआयडीसीत माझा ट्रक शिरला की चहाच्या टपरीवरची माणसं आधी एकच गोष्ट पाहायची. ट्रक भरलेला आहे की रिकामा? भरलेला ट्रक एखाद्या गेटातून आत गेला तर समजायचं, नवी मशीन आली, कंपनी वाढून राहिली, चार माणसं कामाला लागतील. रिकामा ट्रक आत गेला तर समजायचं, आतून काहीतरी बाहेर निघणार. मग कोणीतरी चहा बशीत ओतता ओतता म्हणायचाच, "गेली बाप्पा हेही कंपनी."

एकदा तर कमालच झाली. एका मोठ्या कारखान्यातून जळालेली एक मोटर तेवढी उचलून आणायची होती. माझा मोकळा ट्रक आत गेला आणि थोड्याच वेळात गेटवर ही गर्दी! दुसऱ्या पाळीची माणसं, कोणाच्या घरचे, युनियनचा पुढारी. मॅनेजर घामाघूम होऊन बाहेर आला आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "याले विचारा न! सांग गा, कायले आला तू?" मी ट्रकवर चढून ती काळीठिक्कर मोटर दाखवली, तेव्हा कुठे लोक पांगले. त्या दिवसापासून मी ट्रक कधी अगदी रिकामा पाठवला नाही. दोन लाकडी ओंडके आणि एक पत्र्याचं पिंप टाकून ठेवायचो. उगाच कोणाच्या जिवाला घोर नको.

या अंकाच्या संपादकांनी मला कारखानदारीवर लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की बापू, मी कारखाना काढला नाही, चालवलाही नाही. मी फक्त उचलला. मशीन एका जागेवरून काढायची, दुसऱ्या जागी नेऊन बसवायची, हा माझा धंदा. आमच्यातल्या उचल-ठेव करणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. कन्हानच्या नदीपलीकडे पाणी पाहिलेला एकही माणूस माझ्या टोळीत नव्हता, पण सगळे खलाशी. मीही त्यांच्यातलाच. पुढे स्वतःची चेन-कप्पी घेतली, मग ट्रक घेतला, आणि लोक मला वसंतराव म्हणू लागले.

काम सांगायला सोपं आहे. मशीन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट सोडायचे, पहार घालून एक कोपरा उचलायचा, खाली लोखंडी पाइप सरकवायचे आणि पाइपांवरून तिला घरंगळत दारापर्यंत आणायचं. पुढे क्रेन आहेच. नव्या जागी हेच उलटं. फरक एवढाच की काढताना घाई चालते, बसवताना नाही. एक बाजू केसभर खाली राहिली तर मशीन जन्मभर वाकडा माल देते आणि मालक जन्मभर कामगाराला शिव्या देतो.

पण या धंद्याची खरी गंमत वेगळी आहे. कारखानदाराला आपला एक कारखाना माहीत असतो. मी मात्र एकच मशीन तीन-तीन मालकांकडे पाहिली. एकाच्या घरी रडली, दुसऱ्याच्या घरी रांगली आणि तिसऱ्याच्या घरी धावली. मशीन तीच, दात तेच, मोटर तीच.

माझे व्याही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली, तर माणूस ताटावरून उठायलाच तयार नाही. म्हणाले, "वसंतराव, तुम्ही जे ट्रकमध्ये घालून फिरता ना, ते आमच्याकडे आख्ख्या एका विषयाएवढं आहे." मग त्यांनी मला समजावलं. कोणत्याही धंद्यात कमी माल काढणारे कारखाने बाहेर पडतात, नवे आत येतात. आत येणारे सगळेच काही हुशार नसतात, बरेचसे आल्या पावली परतही जातात. पण जे तगतात ते शिकत जातात आणि जुन्यांनाही धावायला लावतात. वर्गातली नापास होणारी पोरं शाळा सोडून गेली तर कोणी एक अक्षर जास्त न शिकताही वर्गाचा निकाल वर जातो, तसंच काहीसं. उत्पादकता वाढते ती अशीही वाढते.

मला ते पटलं. व्याह्यांशी वाद घालायचा नसतो हे एक, पण खरंच पटलं. कारण आल्या पावली परत जाणारे मी डोळ्यांनी पाहिले होते.

गांधीबागेतल्या एका कापडवाल्यांच्या मुलानं बुटीबोरीला प्लॅस्टिकच्या बादल्या काढायचा कारखाना टाकला होता. मशीन कोरी करकरीत. उतरवताना मला म्हणाला, "काका, तोंड पूर्वेले करा." मी म्हटलं, "भाऊ, पूर्वेले केली तर कच्चा माल टाकायचं तोंड मागच्या भिंतीकडे जाते. पोती आख्ख्या शेडले वळसा घालून न्या लागतील."

"लागू द्या न. गुरुजीनं सांगितलं आहे, मालकाची लक्ष्मी पूर्वेतून येते."

बसवली पूर्वेला. बँड वाजला, पेढे वाटले. कामगार पोती डोक्यावर घेऊन शेडला प्रदक्षिणा घालत राहिले, आणि तयार बादल्या निघायच्या त्या थेट संडासाच्या भिंतीपाशी. तिथून त्या उचलून पुन्हा प्रदक्षिणा. दुसरा पावसाळा काही त्या कारखान्यानं पाहिला नाही. मी मशीन काढायला गेलो तेव्हा तिच्या बटणांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मुलगा बिचारा हात चोळत उभा होता. म्हणाला, "वास्तूच चुकली काका." मी म्हटलं, "हाव भाऊ, वास्तूच चुकली." काय खोटं होतं त्यात?

ती मशीन कळमेश्वरच्या एका माणसानं घेतली. मी विचारलं, तोंड कोणीकडे? म्हणाला, "दरवाजाकडे, अजून कोणीकडे?" अजून चालते आहे. तिकडून गेलो की तिचा ठोका ऐकू येतो आणि मला बरं वाटतं.

पण सगळेच बाहेर जाणारे असे पेढेवाले नसतात. मला लिहायचं आहे ते विजयाताईंबद्दल.

त्याआधी माझा एक नियम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुनी मशीन विकताना विकणारा ती थोडा वेळ चालवून दाखवतो, सून पाहायला आल्यावर मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते तशी. तेवढ्यात काय कळणार? एका गिऱ्हाइकाला अशीच मशीन मिळाली, नव्या घरी गेली आणि दुपारपर्यंत तापून लालबुंद. शिव्या कोणाला? मला. म्हणून मी ठरवून टाकलं, माझ्या हातून मशीन हलायची असेल तर शेवटची पाळी झालीच पाहिजे. म्हणजे पूर्ण एक पाळी मशीन चालवायची. मशीनवर लावायचा कच्चा माल घेणाऱ्यानं आणायचा, म्हणजे विकणाऱ्याला मऊ माल लावता येत नाही. चालवायची विकणाऱ्याच्याच कामगारानं, कारण मशीन त्याला ओळखते. आणि त्या दिवशी मालकानं मशीनपाशी यायचं नाही, कामगाराला हाक मारायची नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. हे मालक लोक मागून हळूच सांगायचे ना, "धीरे चालव, गरम होईल!" हळूहळू हिंगण्यात सगळ्यांनीच हा नियम मान्य केला. पाळी झाल्यावर घेणारा नाही म्हणू शकतो. विकणाऱ्यानं मात्र शब्द दिलेला असतो.

विजयाताईंचा कारखाना लहानसाच. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनला लागणारे सुटे भाग बनवायचे, त्यातही मुख्यतः बुश. बुश म्हणजे जाड पितळी बांगडी समजा, तिच्यात फिरता दांडा बसतो. ती झिजली की जिनिंग बंद, आणि ऐन हंगामात जिनिंग बंद म्हणजे दारात कापसाच्या गाड्यांची रांग. कारखाना त्यांच्या यजमानांनी, मधुकररावांनी काढला होता. ते गेल्यावर ताईंनी पदर खोचला आणि चालवला. हिशेब त्यांना येत होता, माणसं त्यांना धरून होती. मधुकररावांचा एकच मंत्र होता, तो ताईंनी देव्हाऱ्यात ठेवावा तसा जपला. दारात आलेल्या माणसाला परत लावायचं नाही.

काटोलहून, हिंगणघाटहून, वरोऱ्याहून कोणीही झिजका बुश फडक्यात बांधून आला की त्याला नवा बनवून मिळायचा. एक असो, दोन असोत. चहा मिळायचा तो वेगळा. विदर्भातल्या जिनिंगवाल्यांत ताईंचं नाव होतं, आणि ते नाव खोटं नव्हतं.

तिथे शामरावजी होते. मधुकररावांच्या वेळचे, तिथल्या कॅपस्टन मशीनवर. कॅपस्टन म्हणजे अशी लेथ की जिच्यावर पाच-सहा हत्यारं एकदा नीट लावून ठेवली की एकामागून एक सारखाच माल पडत राहतो. लावायला वेळ लागतो, मग निघायला लागत नाही. शामरावजी उंच, कमी बोलणारे, आणि अडलेलं कोणतंही काम त्यांच्या हाताखाली सुटायचं. जनरेटर सुरू होत नाही, बोलवा शामरावजीला. टेम्पोत माल नीट लागला नाही, बोलवा शामरावजीला. ताईंच्या मुलीच्या लग्नात मांडवाचा खांब वाकला तेव्हाही, खोटं वाटेल, पण शामरावजीच चढले होते.

तरी कारखाना खाली खाली जात होता. बाहेर नवे लोक आले होते, एकाच मापाचे बुश ढिगानं काढायचे आणि स्वस्त विकायचे. ताईंचा माल चांगला, पण कमी आणि उशिरा. ताई घरातलं घालून पगार करत होत्या. पुतणे, जावई, सगळे एकच सांगत होते, मशीन म्हातारी झाली, शामराव म्हातारा झाला, दोघांनाही आराम द्या. मलाही तसंच वाटायचं. ताईंनी दोन वर्षं ऐकलं नाही. मग एका सकाळी मला फोन आला.

"वसंतराव, ट्रक पाठवा." मग म्हणाल्या, "पिंप टाकून पाठवजा. लोकाईले घोर लागते."

ड्रिल मशीन, शेपर, ग्राइंडर एकेक करून गेले. माणसंही गेली. कोणी दुसरीकडे लागला, कोणी ई-रिक्षा घेतली. शेवटी राहिली कॅपस्टन, आणि राहिले शामरावजी. ती घ्यायला आला पंकज म्हणून कन्हानकडचा मुलगा. घरी शेती, स्वतः डिप्लोमा झालेला, काही वर्षं मिहानमध्ये दुसऱ्याच्या कंपनीत घासलेला. आता बुटीबोरीला लहानशी शेड घेऊन एका मोठ्या कंपनीसाठी एकाच प्रकारचे बुश बनवणार होता. बायकोचे दागिने आणि बापाचं नाव, दोन्ही त्यात लागलं होतं. पोरगा हसरा, पण आतून भ्यालेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, टेन्शन येऊन राहिलं. मशीन चालेल न?"

"शेवटच्या पाळीले ये, आपल्या डोळ्यानं पाहून घे."

ताईंना मी नियम समजावला. त्या हसल्या. "म्हणजे आज मी माझ्याच कारखान्यात पाहुणी?" म्हटलं, "हाव ताई. एक दिवस."

पाळी सुरू झाली. पंकजनं सळया कापून मापानं मशीनशेजारी रचून ठेवल्या होत्या. शामरावजींनी हत्यारं लावली, मशीनला हात लावून नमस्कार केला आणि चालू केली. मी दाराशी स्टुलावर बसलो, कारण नियम पाळला जातो की नाही हे पाहणं माझं काम.

ताई काचेच्या केबिनमध्ये होत्या. थोड्या वेळानं फोन वाजला. बोलता बोलता त्या उठल्या, दारापर्यंत आल्या, तोंड उघडलं, "शाम..." आणि माझ्याकडे नजर गेली. जीभ चावून परत फिरल्या. हिंगणघाटचा कोणीतरी होता, एक बुश पाहिजे म्हणत होता. त्याला म्हणाल्या, "उद्या सांगते भाऊ." मग पाण्याची मोटर बंद पडली. पुन्हा उठल्या, पुन्हा दार, पुन्हा मी. या खेपेला स्वतःच मागे गेल्या आणि खटक्याला दोन थापा मारून ती चालू करून आल्या. मग भंगारवाला आला. मग वीज कंपनीचा माणूस आला. प्रत्येक वेळी ताई दारापर्यंत यायच्या आणि शाळेत बोलायची मनाई असलेल्या पोरीसारख्या तोंड मिटून परत जायच्या. मला हसू येत होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र ते आलं नाही.

इकडे मशीन चालूच होती. शामरावजी बोलत नव्हते, पण त्यांच्या हाताला एक लय आली होती. सळई सरकव, हत्यार पुढे, सोलून निघालेली पितळेची साल खाली, बुश क्रेटमध्ये टप्प. पुन्हा सरकव. एरवी आख्ख्या दिवसात जेवढे भरायचे तेवढे क्रेट जेवणाच्या सुट्टीपर्यंतच भरून गेले. दुपारनंतर क्रेटच संपले. पंकजनं घमेली आणली. घमेली भरली, मग माझ्या ट्रकमधलं ते पत्र्याचं पिंप आणलं, लोकांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून टाकलेलं. ते बुशांनी अर्धं भरलं. पंकज एकेक बुश उचलून माप लावत होता आणि दर वेळी माझ्याकडे पाहून मान हलवत होता. एकही वाकडा नाही.

पाळी संपली. शामरावजींनी मशीन बंद केली. शांतता झाली तेव्हा ताई बाहेर आल्या. क्रेट पाहिले, घमेली पाहिली, वाकून पिंपात पाहिलं. दोन बुश हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"शामरावजी, हे एवढे... आज एका दिवसात?"

शामरावजी फडक्यानं हात पुसत होते. त्यांनी मान हलवली.

"काहून? म्हणजे, रोज काहून नाही झाले? मशीन तेच, तुम्ही तेच. मी तर समजत होते..."

शामरावजींनी फडक्याची घडी करून ते खांद्यावर टाकलं. मग अगदी हळू, जणू त्यांचीच चूक आहे असं म्हणाले, "ताई, आज तुम्ही हाकच नाही मारली."

बस. एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

विजयाताई तिथेच एका उलट्या क्रेटवर बसल्या. मी इतक्या कारखानदारांना बंद होताना पाहिलं, कोणी रडतं, कोणी देवाला शिव्या देतं, कोणी मला देतं. पण असा चेहरा नाही पाहिला. त्या मोजत होत्या, दिसत होतं मला. हिंगणघाटच्या एका बुशासाठी लावलेली हत्यारं काढायची, पुन्हा लावायची. काटोलवाल्यासाठी पुन्हा. मध्येच मोटर, मध्येच टेम्पो. सगळ्यांत भरवशाचा माणूस, म्हणून सगळ्यांत जास्त हाका. आणि जो मशीनवर सगळ्यांत चांगला, तोच मशीनवर सगळ्यांत कमी.

"म्हणजे वसंतराव," त्या मला म्हणाल्या, "आम्ही आमच्या चांगुलपणानंच बुडलो का हो?"

बाजारात नवे लोक आले होते, तेही खरं. पण त्या पिंपाकडे पाहून नाही म्हणवेना. मी म्हटलं, "थोडं थोडं तसंही असेल ताई."

मग मला राहवलं नाही. माझाच नियम, पण मी म्हटलं, "ताई, अजून मशीन ओट्यावरच आहे. तुम्ही म्हणाल तर मी पंकजशी बोलतो. पोरगा समजदार आहे, बयाणा परत करू. एक मशीन, एक माणूस, एकच माल. उद्यापासून पुन्हा चालू करा. शामरावजी आहेत, तुम्ही आहात. चालते हे." मी हे बोललो तेव्हा पंकज तिथेच होता. त्याचा चेहरा उतरला, आणि पठ्ठ्यानं हातातला बुश परत पिंपात ठेवला. शामरावजींनी मान वर केली. मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी ताईंच्या डोळ्यात पाहिलं.

ताईंनी मशीनकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं, तिथे माझा ट्रक उभा होता. मग पंकजकडे. मला वाटलं, आता हो म्हणतात.

"नाही वसंतराव," त्या म्हणाल्या. "पोरगा दारात आला आहे. त्याले परत कसं लावू?"

मला तेव्हा काय वाटलं ते लिहून सांगता येत नाही. राग आला, खरं सांगतो. वाटलं, बाई, आत्ता तर कळलं न तुले, ज्यानं कारखाना गेला तेच पुन्हा करून राहिलीस! आणि त्याच क्षणी वाटलं, हिच्या पाया पडावं. दोन्ही एकदम वाटलं, आणि मी चेन-कप्पी काढायला लागलो.

सकाळी मशीन निघाली. ताईंनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, पंकजच्या हाती नारळ दिला. शामरावजींना म्हणाल्या, "तुम्ही मशीनसोबत जा. इथं कायले राहता आता?" शामरावजींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग ताई पंकजकडे वळल्या. "एक गोष्ट सांगते बेटा. याईले हाक नको मारू. काही झालं तरी. घरी आग लागली तरी तू स्वतः जाजो, पण पाळीत याईले मशीनवरून उठवू नको." पंकजनं मान खाली घालून हो म्हटलं. ट्रक गेटाबाहेर काढताना मी आरशात पाहिलं. त्या रिकाम्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि चपलेनं बोल्टांच्या भोकातला कचरा बाजूला सारत होत्या.

ती शेड त्यांनी पुढे एका मुलीला भाड्यानं दिली, ती कापडी पिशव्या शिवते. तिच्या शिलाई मशीन मीच पोचवल्या, म्हणजे त्या गेटातून माझा भरलेला ट्रकही आत गेला. ताई कधीमधी तिथे जाऊन बसतात. मला विचारत होत्या, "टिकेल का हो ही?" मी म्हटलं, "ताई, हे मले कळलं असतं तर मी ट्रक कायले चालवला असता?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मी तिच्याशी कामाच्या वेळात बोलत नाही."

व्याह्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बघा, जिथे कमी माल निघत होता तिथून मशीन जिथे जास्त निघतो तिथे गेली. देशाचं भलंच झालं." मी म्हटलं, "देशाचं झालंच. त्यात वाद नाही. पण माणूस तोच होता न हो, मशीन तीच होती. मग बाहेर गेलं ते काय?" व्याह्यांनी भात कालवला. "ते आमच्याकडे मोजता येत नाही," म्हणाले. प्रामाणिक माणूस आहे, म्हणून तर मुलगी दिली.

आता मी ट्रक विकला आहे, पण ओळखीचं काम असलं की जातो. मध्यंतरी पंकजनं दुसरी मशीन घेतली, बसवायला मलाच बोलावलं. शेड वाढली आहे. सळया रात्रीच कापून ठेवतात, टेम्पोचं काम वेगळ्या माणसाकडे, फोन पंकजची बायको घेते आणि एका बुशासाठी आलेल्याला गोड बोलून दुसऱ्याचा पत्ता देते. शामरावजींच्या मशीनभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारला आहे, त्याच्या आत कोणी जात नाही. क्रेटवर क्रेट. पोरानं ताईंचा शब्द पाळला आहे. मला फार बरं वाटलं. हे टिकणार, असं मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी मनात बोललो.

काम आटोपून मी पिवळ्या पट्ट्याच्या काठावर उभा राहिलो. शामरावजी सळई बदलत होते, तेवढ्या वेळात विचारलं, "कसं चाललं शामरावजी? खूश न?"

"झकास आहे गा," ते म्हणाले. "मालक चांगला आहे. पगार टायमावर. मशीनबी मस्त चालून राहिलं." सळई सरकवली, हात लिव्हरवर ठेवला, पण मशीन चालू केली नाही. "फक्त दिवसभर कोणी हाकच नाही मारत."

आणि मशीन चालू केली.

मी निघालो. गेटापर्यंत गेलो, पाय तिथेच अडले. मागे वळलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "शामरावजी! जरा इकडे या न!"

पंकज केबिनमधून धावत बाहेर आला. काय झालं, काय झालं, म्हणत त्याची बायकोही आली. मशीन बंद झाली. शामरावजी पिवळा पट्टा ओलांडून फडक्यानं हात पुसत लगबगीनं गेटाकडे आले, टोपी नीट करत, मधुकररावांच्या वेळी यायचे तसे.

"काय अडलं गा वसंता?"

"काही नाही. चला, चहा घेऊ."

घेतला. त्या दिवशी पंकजच्या कारखान्यातून थोडे बुश कमी निघाले असतील. ते माझ्या नावावर लिहा.